४३ दिवसांची रेघ

१९५८ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, ॲबर्डीन येथील लष्करी चाचणी केंद्रात, म्हणजे जिथे एरवी शस्त्रास्त्रांची परीक्षा होते तिथे, एका एकोणीस वर्षांच्या मुलाला बेसबॉलचा चेंडू फेकायला नेण्यात आले. मुलगा डावखुरा होता, मध्यम बांध्याचा होता आणि जाड भिंगांचा चष्मा लावत असे. आदल्याच दिवशी त्याने एका पूर्ण सामन्यात चेंडू टाकले होते. बेसबॉलमध्ये पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो, त्या उंचवट्यामुळे त्याच्या फेकीला जोर मिळतो. इथे तो उंचवटाही नव्हता. मोजणी यंत्राच्या नेमक्या टप्प्यातून चेंडू गेल्याशिवाय वेगाची नोंद होणार नव्हती आणि या मुलाचा चेंडू कुठे जाईल याचा भरवसा खुद्द त्यालाही नसे. तो फेकत राहिला. सुमारे ४० मिनिटांनी एक चेंडू यंत्राला सापडला. वेग भरला ताशी ९३.५ मैल, म्हणजे जवळपास १५० किलोमीटर. थकलेल्या हाताने आणि सपाट जमिनीवरून हा वेग निघाला, तर ताज्या हाताने किती निघाला असता, यावर बेसबॉलचे जाणकार आजही वाद घालतात.

त्या ४० मिनिटांत मुलाच्या खांद्याने आणि कोपराने काय सोसले, हे मोजायचे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

त्याचे नाव स्टीव्ह डाल्कोव्स्की. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन या कारखान्यांच्या गावी १९३९ मध्ये त्याचा जन्म झाला, १९५७ मध्ये शाळा संपताच बाल्टिमोर ओरिओल्स या संघाने ४,००० डॉलर देऊन त्याला करारबद्ध केले आणि पुढची ९ वर्षे तो व्यावसायिक बेसबॉल खेळला. मेजर लीगमध्ये, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धेत, तो एक दिवसही खेळला नाही. त्याची गोष्ट अमेरिकेत ज्या रीतीने सांगितली जाते त्या रीतीत एक मोठा अन्याय दडलेला आहे आणि तो एकट्या डाल्कोव्स्कीपुरता नाही, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

आधी व्यवस्था समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडच्या वाचकाला ती परिचित नसते. अमेरिकेत मेजर लीगचे ३० संघ आहेत. या प्रत्येक संघाच्या हाताखाली मायनर लीगमधले, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले, उपसंघ असतात. १८-२० वर्षांचा मुलगा सर्वांत खालच्या पायरीवर दाखल होतो आणि सिंगल ए, डबल ए, ट्रिपल ए असे टप्पे चढत वर जाण्याची वाट पाहतो. त्याचा करार मूळ संघाशी असतो, पगार मूळ संघ देतो, त्याने कुठल्या गावी खेळायचे हे मूळ संघ ठरवतो. आज एका संघाला मायनर लीगमध्ये जास्तीत जास्त १६५ खेळाडू ठेवता येतात. तीस संघांचे मिळून ते सुमारे ५ हजार होतात. वर जागा आहेत प्रत्येकी २६, म्हणजे एकूण ७८०, आणि त्याही बहुतेक भरलेल्या. खालच्या पायऱ्यांवरचे बहुसंख्य खेळाडू वर पोहोचणार नाहीत, हे त्यांना करारबद्ध करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

डाल्कोव्स्कीची पहिल्या वर्षाची नोंद वाचताना अजूनही आश्चर्य वाटते. टेनेसी राज्यातल्या किंग्सपोर्टच्या संघाकडून तो ६२ डाव टाकू शकला (बेसबॉलमध्ये तीन फलंदाज बाद झाले की संघाचा एक डाव संपतो), त्यात त्याने १२१ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू मैदानात मारू न देताच बाद केले, आणि १२९ जणांना वॉक दिले, म्हणजे टप्प्याबाहेर चार-चार चेंडू टाकून पहिला तळ फुकट बहाल केला. एका सामन्यात त्याने २४ फलंदाज स्ट्राइकआउट केले, १८ जणांना वॉक दिले आणि सामना हरला. १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन येथे त्याने १७० डावांत २६२ फलंदाज स्ट्राइकआउट केले, आणि वॉकही दिले नेमके २६२. वेग अफाट आणि ताबा शून्य, असा त्याचा लौकिक झाला. प्रशिक्षकांनी त्याच्यावर नाना प्रयोग केले. १९६२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा येथे त्याला अर्ल वीव्हर हा व्यवस्थापक मिळाला, जो पुढे बाल्टिमोरचा मोठा व्यवस्थापक झाला. त्याच्या ध्यानात आले की या मुलाला एका वेळी पाच सूचना दिल्या तर तो गोंधळतो. त्याने सूचना कमी केल्या, दोनच प्रकारचे चेंडू टाकायला सांगितले, आणि त्या हंगामात डाल्कोव्स्कीने १६० डावांत १९२ फलंदाज स्ट्राइकआउट करून वॉक ११४ वर आणले. पाच वर्षे इतरांना न जमलेले काम एका माणसाने नीट लक्ष घालून केले, ही बाब मला महत्त्वाची वाटते. दोष केवळ मुलाच्या हातात किंवा डोक्यात असता तर असे घडले नसते.

१९६३ च्या मार्चमध्ये फ्लोरिडात हंगामपूर्व सराव सुरू होता. यंदा तो मुख्य संघात जाणार हे जवळपास ठरले होते. त्याच्या अंगाला मेजर लीगच्या गणवेशाचे मापही लावून झाले होते. त्याच सुमारास यांकीज संघाविरुद्धच्या सराव सामन्यात चेंडू टाकताना त्याच्या डाव्या कोपरात काहीतरी तुटल्यासारखे झाले. वेग गेला तो गेलाच. कोपराचा फाटलेला अस्थिबंध नव्याने जोडण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली ती १९७४ मध्ये. १९६३ च्या खेळाडूला विश्रांती घेऊन पुन्हा फेकून पाहण्यापलीकडे उपाय नव्हता. डाल्कोव्स्कीने दोनेक वर्षे फेकून पाहिले. ओरिओल्सने त्याला सोडले, आणखी दोन संघांच्या उपसंघांत तो फिरला आणि १९६५ नंतर, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याचा खेळ संपला.

त्यानंतरची वर्षे त्याने कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात शेतमजुरी करत काढली. कापूस वेचला, फळे तोडली. दारू त्याला खेळाच्या दिवसांपासूनच होती, ती आता वाढली. सरीच्या त्या टोकाला तो दारूची बाटली ठेवत असे आणि सरी पुरी करून तिथवर पोहोचत असे, असे सांगतात. ज्या डाव्या हाताचा वेग मोजायला लष्कराचे यंत्र लागले, तो हात वाकून कापूस वेचतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. १९७४ पासून व्यावसायिक खेळाडूंची एक मदत संघटना त्याला अधूनमधून पैसे देत होती. १९९२ मध्ये तिने ते थांबवले, कारण ते पैसे दारूत जात होते. दारूने त्याची स्मृतीही पोखरली होती. १९९४ मध्ये त्याच्या बहिणीने त्याला गावी परत आणून शुश्रूषागृहात ठेवले, आणि तिथेच राहून तो पुढची पंचवीसेक वर्षे जगला. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत, वयाच्या ८० व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

या माणसावर अमेरिकेत भरपूर लिहिले गेले आहे. त्याचा चेंडू किती वेगाचा होता, तो कुठल्या कुंपणातून आरपार गेला, कोणता थोर फलंदाज त्याच्यापुढे उभा राहायला कचरला, अशा आख्यायिकांना तोटा नाही आणि त्यातल्या काही खऱ्याही असतील. मात्र ९ वर्षे ज्यांच्यासाठी त्याने हात झिजवला ते त्याचे काही देणे लागत होते का, हा प्रश्न या लेखनात क्वचितच येतो. आख्यायिका झाली की माणसाचा हिशेब चुकता झाला असे समाजाला वाटू लागते. मला तो हिशेब चुकता झाला असे वाटत नाही.

मेजर लीगमध्ये १९८० पासून असा नियम आहे की एका दिवसाच्या सेवेवर खेळाडूला वैद्यकीय संरक्षणाचा आणि ४३ दिवसांच्या सेवेवर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. खेळाडूंच्या संघटनेने भांडून मिळवलेला हा नियम चांगलाच आहे. डाल्कोव्स्कीच्या काळी हीच अट दिवसांची नव्हती, वर्षांची होती, त्यामुळे १९६३ चा तो हंगाम खेळूनही त्याला निवृत्तिवेतन मिळाले नसते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. माझा आक्षेप रेघ किती दिवसांवर ओढली आहे याला नाही, ती कुठून मोजली जाते याला आहे. ती मेजर लीगच्या दारापासून मोजली जाते. दाराच्या आत ४३ दिवस काढलेला माणूस तिच्या या बाजूला येतो आणि दाराबाहेर त्याच मालकासाठी, त्याच करारावर ९ वर्षे राबलेला माणूस त्या निवृत्तिवेतनाच्या हिशेबात शून्य धरला जातो.

खालच्या पायरीवरचा खेळाडू उमेदवारी करत असतो, त्याला शिकवले जात असते, उलट त्यानेच संघाचे ऋण मानले पाहिजे, अशी यामागची समजूत आहे. पण सामना एकट्याने खेळता येत नाही. ज्या एका मुलाला संघ वर नेणार असतो, त्याला दर संध्याकाळी चेंडू टाकणारा कोणी लागतो, त्याने टाकलेला चेंडू झेलणारा लागतो, पूर्ण नऊ जणांचा संघ आणि समोर तितकाच प्रतिस्पर्धी संघ लागतो. वर न जाणाऱ्या त्या सगळ्यांमुळेच वर जाणारा घडतो. ते सगळे त्या वेळी काम करत असतात, आणि त्यांना पाहायला लोक तिकीट काढून येतात. कामगाराची याहून वेगळी व्याख्या मला तरी ठाऊक नाही.

अमेरिकेच्या कायद्याने मात्र ही व्याख्या फार काळ टाळली. १९२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. १९९८ मध्ये संसदेने ती सूट अंशतः काढली, ती मेजर लीगच्या खेळाडूंपुरती. मायनर लीग तशीच राहिली. २०१४ मध्ये काही माजी मायनर लीग खेळाडूंनी किमान वेतनासाठी दावा लावला, आणि तो चालू असतानाच २०१८ मध्ये खर्चाच्या एका अवाढव्य विधेयकात एक तरतूद घालून या खेळाडूंना किमान वेतन कायद्याच्या बऱ्याचशा संरक्षणातून वगळण्यात आले. हंगामपूर्व सरावाचे आठवडेच्या आठवडे त्यांना पगार नसे. सिंगल ए मधल्या खेळाडूचा वर्षाचा पगार २०२३ पर्यंत ११,००० डॉलरच्या आसपास होता. चार-पाच जणांनी एक खोली भाड्याने घ्यायची, जमिनीवर गाद्या टाकायच्या आणि हिवाळ्यात दुसरी नोकरी धरायची, हे त्या जगण्याचे सर्वसाधारण रूप होते.

बदल झाला तो खेळाडू एकत्र आल्यावर. २०२२ च्या हंगामापासून संघांवर राहण्याची सोय करण्याचे बंधन आले. त्याच वर्षी तो दावा १८.५ कोटी डॉलर देऊन मिटवावा लागला; सप्टेंबरमध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत सामील झाले, आणि २०२३ च्या पहिल्या सामुदायिक करारात सिंगल ए चा किमान पगार २६,२०० डॉलर व ट्रिपल ए चा ३५,८०० डॉलर झाला. पगार दुपटीहून वाढल्यावरही बेसबॉल बुडाले नाही. त्याआधी, २०२१ मध्येच, संलग्न उपसंघ १६० वरून १२० वर आणले गेले होते, म्हणजे कपात करायची तेव्हा ती पगारवाढीची वाट पाहत थांबली नव्हती.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप पैशांचा: या मुलांना करार करताना घसघशीत रक्कम मिळते, मग पुढची जबाबदारी त्यांची. यासाठी ब्रायन टेलर या पिचरचे उदाहरण दिले जाते. नव्या खेळाडूंना संघ दरवर्षी क्रमाने निवडून घेतात, त्या निवडीत १९९१ मध्ये यांकीजने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि १५ लाख ५० हजार डॉलर दिले. तेवढी रक्कम तोवर कोणाला मिळाली नव्हती. १९९३ च्या डिसेंबरात भावाच्या बाजूने एका मारामारीत पडून त्याने खांदा दुखावून घेतला, तो डबल ए च्या वर कधीच गेला नाही, आणि पुढे वडिलांप्रमाणे गवंडीकाम करू लागला. ही गोष्ट एका रात्रीच्या चुकीचा धडा म्हणून सांगितली जाते. पण टेलर हा अपवाद होता. निवड यादीच्या तळाशी असलेल्या मुलाला मिळणारी रक्कम एका हंगामाच्या राहण्या-खाण्यात संपावी इतकी असे, आणि डाल्कोव्स्कीला मिळालेले ४,००० डॉलर ९ वर्षांवर वाटले तर वर्षाला साडेचारशेही पडत नाहीत. सर्वांत भाग्यवान माणसाचे उदाहरण देऊन बाकीच्यांचा हक्क नाकारणे न्यायाला धरून नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. डाल्कोव्स्कीचा नाश दारूने केला. संघाने त्याला दारू पाजली नव्हती. मदत संघटनेने दिलेले पैसेही त्याने दारूत घातले. मग निवृत्तिवेतन मिळाले असते तर वेगळे काय झाले असते? कदाचित काहीच झाले नसते. ते मी नाकारत नाही. मला त्या मदत संघटनेला दोषही द्यायचा नाही, तिने १८ वर्षे जे केले तेवढेही दुसऱ्या कोणी केले नाही. पण मदत आणि हक्क यांतला फरक नेमका इथेच दिसतो. मदत देणारा घेणाऱ्याची वागणूक पाहतो, ती पसंत नसेल तर हात आखडता घेतो, आणि तसे करण्याचा त्याला अधिकार असतो. हक्काचे तसे नसते. गिरणीतून निवृत्त झालेला कामगार दारू पितो म्हणून त्याचा प्रॉव्हिडंट फंड कोणी अडवून ठेवत नाही. ज्याने ९ हंगाम काम केले त्याला म्हातारपणी स्वतःच्या चारित्र्याचा दाखला दाखवून पैसे मागावे लागू नयेत, इतकेच माझे म्हणणे आहे. शिवाय बसच्या प्रवासात, अनोळखी गावांत, विशीच्या मुलांना रोज रात्री मोकळे सोडणाऱ्या त्या जगात दारूकडे किती काळ काणाडोळा केला गेला, हेही विचारायला हवे. वीव्हरने त्याच्या फेकीकडे जसे लक्ष दिले, तसे त्याच्या व्यसनाकडे वेळीच कोणी दिले असते तर, हा प्रश्न मनातून जात नाही.

आपल्या देशातूनही दोन मुले या पायऱ्यांवर गेली होती. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये वेगवान चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून निवडून पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी केवढे कौतुक केले होते. दिनेशला २०१० मध्ये संघाने सोडले. रिंकू सिंगल ए पर्यंत पोहोचला, मग त्याच्याही कोपराने दगा दिला, शस्त्रक्रिया झाली, आणि अखेर तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. कौतुकाचे रकाने भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या कोपराची विचारपूस केली.

तरीही याच बाबतीत आपल्याकडे एक गोष्ट बरी झाली आहे, आणि ती सांगताना मला अभिमान वाटतो. पद्माकर शिवलकर हे नाव मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. डावखुऱ्या फिरकीचे हे मुंबईकर गोलंदाज प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेऊनही, १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ बळी घेऊनही, एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. पण कसोटीची टोपी न मिळालेल्यांची सेवा शून्य मानायची नाही, हे आपल्या क्रिकेट मंडळाने, उशिरा का होईना, मान्य केले. मंडळ माजी प्रथम श्रेणी खेळाडूंना मासिक निवृत्तिवेतन देते. २००३ पूर्वी निवृत्त झालेल्यांसाठी ते जून २०२२ मध्ये २२,५०० रुपयांवरून ४५,००० करण्यात आले, आणि ज्यांना १५,००० मिळत होते त्यांचे ३०,००० झाले. या योजनेतही किमान सामन्यांची अट आहे, रणजी स्पर्धा म्हणजे मायनर लीग नव्हे, आणि आजच्या तरुण खेळाडूंचे प्रश्न वेगळे आहेत, हे सगळे खरे. पण रेघ कसोटीच्या दारापासून न मोजता अलीकडून मोजता येते, आणि तशी मोजल्याने खेळाचे काही बिघडत नाही, याचा हा चालता पुरावा आहे. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये स्वतःपेक्षा मोठे किट खांद्यावर घेऊन दाराशी उभी असलेली मुले मी पाहतो, तेव्हा त्यांतले किती जण कसोटी खेळतील याचे उत्तर मला माहीत असते. म्हणून ती मुले वाया गेली, असे मात्र मला म्हणवत नाही.

अमेरिकेतील बेसबॉलने काय करावे, याबद्दल माझी मागणी मोठी नाही. मायनर लीगमधला प्रत्येक पूर्ण हंगाम निवृत्तिवेतनासाठी सेवा म्हणून धरावा; मेजर लीगइतका नको, पण शून्यही नको. संघाच्या कामात मोडलेल्या खांद्याचा आणि कोपराचा उपचार करार संपल्यावरही संघाच्या खर्चाने व्हावा, कारण दुखापत करार संपला म्हणून थांबत नाही. आणि पुढच्या शिक्षणाचा खर्च, जो आज करार करताना घासाघीस करू शकलेल्यांनाच मिळतो, तो १८ व्या वर्षी शाळेतून थेट उचललेल्या प्रत्येकाला मिळावा. हे सारे मागच्या पिढ्यांनाही लागू करायचे तर जुन्या खेळाडूंची सेवा मोजणार कशी, असे कोणी विचारील. तो प्रश्न बेसबॉलमध्ये तरी उद्भवत नाही. या खेळाने आपल्या खालच्यातल्या खालच्या पायरीवरच्या सामन्यांचे आकडेही जपून ठेवले आहेत. १९५७ च्या उन्हाळ्यात किंग्सपोर्टच्या मैदानावर स्टीव्ह डाल्कोव्स्कीने किती डाव टाकले, किती फलंदाज बाद केले आणि किती वॉक दिले, हे त्यांच्या वहीत आजही लिहिलेले आहे.